करवंदीची जाळी तोडण्याआधी एवढं वाचा

एप्रिल संपत आला की बेळगावच्या बाजारात, खानापूर स्टँडबाहेर, चंदगडच्या आठवडी बाजारात आणि चोर्ला, आंबोली, तिलारीच्या घाटरस्त्यांवर टोपल्या दिसू लागतात. टोपलीत खाली हिरवी पानं, वर काळीभोर करवंदं आणि बाजूला मोजायला एक ग्लास. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक आता कमी ऐकू येते, पण टोपली बघून गाडी थांबवणारे अजून थांबतात. म्हापशाच्या बाजारातही मे महिन्यात हीच टोपली असते, नाव मात्र वेगळं असतं.

टोपली दिसते म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण समजतो. पण ही करवंदं कुठून आणली, हे त्या बाईला एकदा विचारून बघा. पूर्वी गावाच्या कडेला, बांधावर, देवळामागच्या माळावर जी जाळी होती ती बऱ्याच गावांत राहिलेली नाही. कुठं प्लॉट पडले, कुठं काजू लागला, कुठं रस्ता रुंद झाला. जाळी तोडताना कुणालाच काही वाटत नाही, कारण कागदावर ती जागा ‘पडीक’ असते आणि जाळी म्हणजे नुसती ‘काटेरी झुडपं’.

ही झुडपं नेमकं काय काम करतात, ती गेली की काय काय जातं आणि आपल्या बांधावर ती परत आणायची तर कशी, ते या लेखात बघू.

एकच फळ, प्रत्येक राज्यात नवं नाव

आपला वाचक एका राज्यातला नाही, म्हणून आधी नावांची ओळख करून घेऊ. मराठीत करवंद, झुडूप ती करवंदी किंवा करवंदीची जाळी. गोव्यात कोंकणीत कांटां. बेळगाव, धारवाडकडं कानडीत कवळी हण्णू, काही भागांत करंडे. इंदूर, ग्वाल्हेरकडं करौंदा. वडोदऱ्याच्या बाजारात करमदां. हैदराबादला वाक्काया. संस्कृतात करमर्द. गुजरातीतलं करमदां आणि मराठीतलं करवंद ही दोन्ही नावं या करमर्दाच्या किती जवळची आहेत, ते कानालाच कळतं.

शास्त्रीय नाव कॅरिसा करंडास. लिनियसने १७६७ साली हे नाव दिलं. सह्याद्रीतल्या रानकरवंदीला जुन्या पुस्तकांत कॅरिसा कंजेस्टा असंही म्हटलेलं सापडेल. कोरड्या पठारावर आणि मध्य भारतातल्या रानात हिची एक जवळची बहीण आढळते, तिचं नाव कॅरिसा स्पायनेरम. तिची फळं लहान असतात, पण खाणाऱ्याला दोन्ही करवंदंच.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या वाचकांना इथं एक प्रश्न पडेल. आमच्याकडं तर करौंदा नाहीतर वाक्काया पावसाळ्यात येतो, तुम्ही उन्हाळ्यात कसं म्हणता? दोन्ही बरोबर आहे. सह्याद्रीतली रानातली करवंदं एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पिकतात. ती लहान, काळी आणि गोड असतात आणि पिकल्यावर तशीच खातात. उत्तरेत आणि तेलंगणात बाजारात येतात ती बहुतेक बागेतली, मोठी, गुलाबी झाक असलेली आणि जास्त आंबट. ती पावसाळ्यात तयार होतात आणि लोणचं, भाजी, डाळीसाठी कच्चीच काढतात.

काटा येतो कुठून?

करवंदीला हात घातलेल्या प्रत्येकाला तिचा काटा माहीत आहे. बोरीचा काटा लहान आणि वाकडा, करवंदीचा सरळ, टणक आणि जोडीनं येणारा. तो कपडा फाडत नाही, थेट आत घुसतो.

गंमत अशी की करवंदीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदीच असते. फांदीच्या शेंड्याला जो डोळा असतो, तो पुढं वाढायच्या ऐवजी काट्यांच्या जोडीत बदलतो. शेंडाच काटा झाला की फांदीला सरळ पुढं जाता येत नाही, मग बाजूचे डोळे फुटतात. त्या फांद्यांच्या शेंड्यांचेही पुढं काटे होतात आणि पुन्हा बाजूनं फुटवे येतात. असं वर्षानुवर्षं चाललं की फांद्या एकमेकींत अडकून जी गुंतागुंत तयार होते, तिलाच आपण ‘जाळी’ म्हणतो.

पानं समोरासमोर, जाड आणि चकचकीत असतात. वरच्या तुकतुकीत थरामुळं पाणी लवकर उडत नाही, म्हणून मे महिन्यात सगळा माळ तांबडा झालेला असताना करवंदी हिरवी राहते. पान किंवा कच्चं फळ तोडलं की पांढरा चीक येतो. काटा आणि चीक हे दोन राखणदार असल्यामुळं गुरं जाळीच्या फारशी वाटेला जात नाहीत. शेळी कोवळा पाला ओरबाडते, पण आत शिरत नाही.

फुलापासून पावसापर्यंतचं वेळापत्रक

जानेवारी संपता संपता करवंदीला फुलं येऊ लागतात. पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची, जाईसारखी दिसणारी आणि तशीच मंद वासाची. फुलाचा देठाकडचा भाग म्हणजे एक अरुंद नळी असते आणि मध तिच्या तळाशी असतो. त्यामुळं लांब सोंड असलेले पतंग आणि फुलपाखरं यांना हे फूल सोयीचं पडतं. पांढरा रंग आणि वास अंधारात उडणाऱ्या पतंगांच्या कामाचा. फेब्रुवारी, मार्चमध्ये माळावर दुसरं फारसं काही फुललेलं नसतं, म्हणून या फुलांना मोल जास्त.

मग फळ धरतं. आधी हिरवं, मग तांबूस, मग जांभळं आणि शेवटी काळं. फळ पिकेल तसा चीक कमी होतो आणि गोडी वाढते. पूर्ण पिकलेल्या करवंदातही थोडा चीक राहतो, म्हणून भरपूर खाल्ली की ओठ चिकटतात. करवंद फोडून आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरट निघालं तर कोंबडी, हा खेळ सीमेच्या अलीकडं पलीकडं सगळ्यांनी खेळलेला असतो.

फळात दोन-चार चपट्या बिया असतात आणि त्यांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. म्हणूनच फळ पिकण्याची वेळ महत्त्वाची ठरते. फळ मे महिन्यात पिकतं, पक्षी-प्राणी ते खातात, बी विष्ठेतून किंवा थुंकीतून रानभर पडतं आणि आठ-पंधरा दिवसांत वळीव नाहीतर मिरगाचा पाऊस येतो. बी वाळून मरायच्या आत त्याला ओल मिळते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर करवंदं पाणचट होतात आणि त्यात अळी पडते. ‘मिरग लागला, आता करवंद खाऊ नको’ असं घरची म्हातारी माणसं सांगतात त्याचं कारण हेच.

जाळीत कोण राहतं, कोण जेवतं

मे महिना हा रानातल्या प्राण्यांसाठी अवघड काळ. गवत वाळलेलं, ओढे आटलेले, किडे कमी. नेमक्या याच वेळी करवंद, जांभूळ, तोरण, अळू, आंबा ही फळं तयार होतात. यांतली जांभूळ, आंबा ही उंच झाडं. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याच्या तोंडाशी येणारं फळ म्हणजे करवंद आणि त्याच्या शेजारचं तोरण, ज्याला गोव्यात चुन्नां म्हणतात.

अस्वलाला करवंदं फार आवडतात. उन्हाळ्यात रानातल्या वाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली तर तिच्यात करवंदाच्या आणि जांभळाच्या बिया सापडतात. उदमांजर रात्री येतं. कोल्हा येतो. वानरं आणि माकडं दिवसा येतात. बुलबुल, कोकीळ, साळुंकी, तांबट हे पक्षी फळं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. खाली पडलेलं वेचायला रानकोंबडी आणि मोर-लांडोर असतात.

फळ वर्षातले दोन महिने मिळतं, पण आसरा बारा महिने मिळतो. बुलबुल, सातभाई, होला, वटवट्या हे पक्षी अशा काटेरी जाळीत घरटं करतात. कावळ्याला, शिकऱ्याला आणि मांजराला आत सहज शिरता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. खालच्या बाजूला ससा दडतो, तित्तर आणि लावा दडतात, मुंगूस फिरतं. सरडे, साप, बेडूक यांना उन्हात गारवा मिळतो. उघड्या माळावर भर दुपारी जाळीच्या मुळाशी हात लावून बघा, माती बाहेरच्यापेक्षा थंड लागेल.

आपल्या भागात याला आणखी एक अर्थ आहे. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, त्याला लागून गोव्यातलं म्हादई, मग महाराष्ट्रातलं तिलारी आणि वर आंबोली, हा सगळा सलग रानाचा पट्टा आहे. म्हादई १९९९ साली अभयारण्य झालं, भीमगड २०११ साली आणि तिलारीला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तीन राज्यांचे तीन नकाशे असले तरी अस्वल आणि उदमांजर एकच नकाशा ओळखतात. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना मध्ये गावं, शेतं, बागा लागतात. तिथं बांधावरच्या आणि ओढ्याकाठच्या जाळ्या म्हणजे लपत जाण्याच्या वाटा. त्या तुटल्या की प्राण्याला उघड्यावरून जावं लागतं आणि मग माणसाशी गाठ पडते.

जाळी म्हणजे रानाची रोपवाटिका

करवंदीचं एक काम सहसा लक्षात येत नाही. माळावर एखाद्या जुन्या जाळीत वाकून बघा. मधोमध जांभळाचं, उंबराचं किंवा अंजनीचं रोप वर आलेलं दिसतं. ते कुणी लावलेलं नसतं. पक्षी जाळीत येऊन बसतो, पोटातलं बी तिथं पडतं. वाळलेल्या पानांमुळं खाली ओलसर माती तयार झालेली असते. सावली असते. रोप उगवलं की काट्यांमुळं गुरं आणि शेळ्या त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी त्याचं झाड होतं आणि जाळीच्या डोक्यावरून वर जातं.

उघड्या माळाचं रान होण्याची सुरुवात बऱ्याच ठिकाणी अशीच होते. वृक्षारोपणात आपण रोप लावतो, भोवती बांबूचा नाहीतर लोखंडी पिंजरा करतो, तरी शेळी खाते. करवंदी हा पिंजरा स्वतःच उभारते आणि फुकट. म्हणून ‘झाडं लावायची आहेत’ म्हणून आधी जेसीबीनं जाळ्या साफ करायच्या आणि त्याच जागी खड्डे काढायचे, हा प्रकार उलटा आहे. जाळी ठेवून तिच्या पोटातच रोप लावलं तर ते जगण्याची शक्यता जास्त.

उतारावर जाळीची मुळं माती धरून ठेवतात. पावसाळ्यात घाटउतारावर जिथं झुडपं काढली तिथं पहिल्याच पावसात लाल पाणी खाली येतं, हे रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

घाणेरीनं जागा घेतली तर बिघडलं काय?

काही जण विचारतात, जाळीच पाहिजे ना, मग घाणेरी आहेच की! घाणेरी, म्हणजे टणटणी, तिलाही बारीक काळी फळं येतात, बुलबुल तीही खातात. वरवर दोन्ही सारखीच वाटतात.

फरक मोठा आहे. घाणेरी अमेरिकेतून आलेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून ती भारतात आणली गेली आणि पुढं रानभर पसरली. तिच्या दाट वाढीखाली गवत आणि स्थानिक रोपं टिकत नाहीत. पाला खाल्ला तर गुरांना विषबाधा होते. वाळली की ती चटकन पेट घेते आणि वणव्याला खाद्य पुरवते. वणव्यानंतर मात्र तीच आधी फुटते. करवंदी हळू वाढते, त्यामुळं मोकळ्या झालेल्या जागेची शर्यत ती हरते. म्हणजे आपण जिथं करवंदी तोडतो आणि जागा तशीच सोडून देतो, तिथं पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत बहुतेक घाणेरी नाहीतर रानमोडी उभी राहते. फुकटचं फळ गेलं आणि न खाता येणारा पाला पदरात पडला.

जाळी जाते कशी?

कुणी एकानं ठरवून करवंदी संपवलेली नाही. ती थोडी थोडी जाते.

पहिलं कारण म्हणजे जमीन सपाट करणं. गावाजवळच्या माळाचे प्लॉट पडतात, पहिल्याच दिवशी जेसीबी येतो. दुसरं, काजू आणि ऊस. चंदगड, खानापूर आणि गोव्याच्या डोंगरउतारावर काजूची लागवड करताना सगळी झुडपं मुळासकट काढली जातात. काजू लावू नये असं कुणी म्हणणार नाही, त्यावर घरं चालतात. पण बागेची कडा आणि ओढ्याचा काठ तरी सोडता येतो. तिसरं, चिऱ्याच्या खाणी. करवंदीला जांभ्या दगडाचा सडा मानवतो आणि खाणीलाही तोच लागतो. चौथं, वणवा. गवत चांगलं फुटावं म्हणून लावलेली आग जाळीत शिरते. करवंदी बुंध्यातून पुन्हा फुटते, पण दरवर्षी आग लागली तर फळ धरायला वेळच मिळत नाही.

पाचवं कारण जरा बोचणारं आहे. करवंदं काढताना पूर्ण फांद्याच तोडून आणायच्या आणि घरी बसून फळं वेचायची, असं काही जण करतात. काटे लागत नाहीत, काम पटकन होतं. पण ती फांदी गेली की त्यावरचं पुढच्या सालचं फळही गेलं.

टोपलीमागचा हिशोब

करवंद विकणाऱ्यांत बहुतेक बायका असतात. गवळी-धनगर वाड्यांवरच्या, रानाकाठच्या छोट्या वस्त्यांवरच्या. शेतीची कामं संपलेली असतात, पाऊस यायचा असतो. शाळेची पुस्तकं, बी-बियाणं, छपराची डागडुजी हा सगळा खर्च याच दोन महिन्यांत पुढं येतो. त्यावेळी हातात रोख पैसा देणारं पीक म्हणजे करवंद. त्याला बी नको, खत नको, पाणी नको, जमिनीचा सातबारा किंवा उतारा नावावर असायचीही गरज नाही. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचं हे पीक.

पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत काट्यांतून एकेक फळ वेचायचं, मग बस किंवा रेल्वे पकडून बाजारात यायचं. फळ नाजूक. दुसऱ्या दिवशी ते सुकतं नाहीतर पाणी सुटतं. उरलेली टोपली संध्याकाळी पडेल त्या भावानं द्यावी लागते. ग्लासमागं पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना हे लक्षात असलेलं बरं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं रानात राहणाऱ्या पारंपरिक समाजांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. फळं, मध, पानं हे त्यात येतं. पण जाळीच राहिली नाही, तर हक्काचा कागद घेऊन काढायचं काय? दुसरीकडं, अभयारण्याच्या हद्दीत सहलीला जाणाऱ्यांनी पिशव्या भरून आणणं मात्र चालत नाही. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही काढू नये.

रानात जाताय तर एवढं सांभाळा

पोरांना घेऊन करवंदं खायला जाणं हा उन्हाळ्याच्या सुट्टीतला मोठा आनंद आहे. तो बंद करायचं काहीच कारण नाही. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, अस्वल. पहाट आणि संध्याकाळ ही त्याची जेवणाची वेळ आणि जाळी हीच त्याची जेवणाची जागा. वाकून फळ खाणाऱ्या अस्वलाला माणूस जवळ आलेला चटकन कळत नाही आणि दचकलेलं अस्वल हल्ला करतं. म्हणून रानाकाठच्या जाळीकडं एकट्यानं जाऊ नका, उन्हं वर आल्यावर जा आणि बोलत, आवाज करत जा.

दोन, साप. जाळीच्या मुळाशी हात घालून पडलेली फळं वेचू नका. आधी काठीनं पाला हलवा.

तीन, ओळख. करवंदी ही कण्हेरीच्या कुळातली. या कुळातली बरीच झाडं विषारी आहेत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी आणि रुई, सगळ्यांना करवंदीसारखाच पांढरा चीक असतो. बिट्टीची बी पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याच रानात गेळ्याचं काटेरी झुडूपही असतं, त्याचं फळ उलट्या करवणारं आणि मासे मारायला वापरलेलं. ‘काटेरी आहे, फळ आहे, म्हणजे चालेल’ असं समजू नये. पोरांना आधी करवंदीचं पान, जोडकाटा आणि फळ दाखवा, मगच सोडा.

चार, थोडं ठेवा. पूर्ण जाळी ओरबाडू नका. आतली आणि वरची फळं तशीही हाताला येत नाहीत, ती पक्ष्यांची समजा.

बांधावर लावायची तर

करवंदी लावणं अवघड नाही, घाई मात्र नको.

मे महिन्यात पूर्ण काळी, पिकलेली फळं घ्या. बी काढून धुवा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा. पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवलेलं बी बहुतेक उगवत नाही. पिशवीत माती आणि थोडं शेणखत घालून प्रत्येकी दोन-तीन बिया टाका. दोन-तीन आठवड्यांत रोप दिसू लागतं, पण पहिलं वर्ष ते बारीकच असतं. म्हणून यंदा पेरलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात बांधावर लावावं. छाटकलमं सहज जगत नाहीत. जुन्या करवंदीची खालची फांदी मातीत दाबून दाबकलम केलं तर मुळं फुटतात.

कुंपण म्हणून लावायची असेल तर दोन ते तीन फुटांवर एक रोप. पाणी साचणारी जागा टाळा, बाकी मुरमाड, जांभ्याची, हलकी कसलीही जमीन चालते. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी दिलंत तर पुरे. तीन-चार वर्षांनी फळ लागतं. तोवर वरून हलकी छाटणी केली की खालून दाट फुटते आणि तारेचं कुंपण लागत नाही. तार गंजते आणि चोरीला जाते, करवंदी दरवर्षी घट्ट होत जाते.

मोठ्या फळाची बाग करायची असेल तर सुधारित जाती आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ आणि पंतनगर विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’, ‘पंत सुवर्णा’. पण बांधावर, ओढ्याकाठी, रानाच्या कडेला लावताना आपल्याच भागातल्या रानकरवंदीचं बी वापरलेलं चांगलं. इथल्या उन्हापावसाची सवय तिला आहे आणि तिची लहान फळं बुलबुलाच्या चोचीत मावतात.

स्वयंपाकघरात

कच्च्या करवंदाचं लोणचं आपल्याकडं घरोघरी होतं. चिरताना हाताला आधी तेल लावा, चीक चिकटत नाही. फोडी करून बी काढा, मीठ लावून ठेवा आणि मग मसाला. हैदराबादकडं तुरीच्या डाळीत चिंचेच्या जागी वाक्काया घालतात. गुजरातेत करमदां आणि मिरच्यांचं लोणचं करतात. इंदूर-ग्वाल्हेरकडं करौंदा-मिरचीची कोरडी भाजी पोळीबरोबर खातात. फळात पेक्टिन भरपूर असल्यानं जेली छान धरते, बाहेरचं काही घालावं लागत नाही.

आणि बेकरीतल्या केकवर जी लालभडक ‘चेरी’ असते, ती पुष्कळदा चेरी नसतेच. कच्चं करवंद बी काढून, रंग देऊन, साखरेच्या पाकात मुरवलेलं असतं. म्हणजे ज्या झुडपाला आपण पडीक म्हणून तोडतो, त्याचंच फळ वाढदिवसाच्या केकवर विकत घेतो.

शेवटी

करवंदी वाचवायला मोठी योजना लागत नाही. ग्रामपंचायतीच्या जागेत साफसफाईचं काम निघालं तर कुठल्या जाळ्या ठेवायच्या, हे जेसीबी यायच्या आधी जागेवर जाऊन दाखवता येतं. काजू लावताना बागेची एक कडा सोडता येते. देवराईभोवतीची आणि ओढ्याकाठची जाळी गावानं ठरवून राखता येते. घाणेरी काढायची असेल तर मजुरांना आधी दोन्हींतला फरक दाखवून द्यावा, नाहीतर दोन्ही एकदमच कापल्या जातात.

यंदा टोपली दिसली तर करवंदं जरूर घ्या. खाऊन झाल्यावर बिया कचऱ्यात टाकू नका. एका पिशवीत माती भरा आणि पहिला पाऊस पडायच्या आत त्यात टाका.